बायबलमधील गुलामगिरीचे कायदे : मजकूर काय सांगतो आणि श्रद्धावंत तो कसा वाचतात

धर्मग्रंथांची चिकित्सा करण्यात आपल्या चळवळीतले तरुण मागे नाहीत. मनुस्मृतीचा आठवा अध्याय श्लोक क्रमांकासह सांगणारे कार्यकर्ते आम्हाला गावोगाव भेटतात. पण ख्रिस्ती मित्रांशी बोलताना बायबलमधील गुलामगिरीचा विषय निघाला, की चर्चा दोन वाक्यांतच संपते. एक बाजू म्हणते, ‘तुमच्या ग्रंथात माणूस विकत घ्यायची परवानगी आहे, मग कसला प्रेमाचा धर्म?’ दुसरी बाजू म्हणते, ‘ती गुलामगिरी नव्हतीच, ती एक प्रकारची नोकरी होती.’ दोघांपैकी कोणी निर्गमाचा एकविसावा अध्याय उघडून पाहिलेला असतोच असे नाही.

महाराष्ट्रात हा वाद परक्यांशी होत नाही. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले आणि महार-मांग वस्त्यांतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्याच भागातील कितीतरी कुटुंबांनी १९५६ नंतर बुद्ध धम्म स्वीकारला. एकाच भावकीतले एक घर चर्चमध्ये जाते, दुसरे विहारात. अशा ठिकाणी एकमेकांच्या ग्रंथाबद्दल बोलायचे तर नेमके बोलावे लागते. म्हणून या लेखात आम्ही आधी मूळ कायदे सांगतो, मग ते कोणी कसे वाचले ते पाहतो.

‘दास’ आणि ‘गुलाम’

पहिली अडचण भाषेची आहे. जुन्या मराठी भाषांतरात या ठिकाणी ‘दास’ हा शब्द येतो. आपल्या कानाला तो भक्तीचा वाटतो, कारण संत स्वतःला देवाचे दास म्हणवून घेत. त्यामुळे वाचताना धक्का बसत नाही. मूळ इब्री शब्द ‘एबेद’ राजाच्या कारभाऱ्यालाही लागतो आणि बाजारात विकत घेतलेल्या माणसालाही. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘दूलोस’. तोच शब्द पौल स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवताना वापरतो. तेव्हा संदर्भ पाहावा. सोबत विकत घेणे, मालमत्ता, मुलांना वारसा देणे असे शब्द असतील तर तिथला दास हा गुलामच समजावा.

मोशेच्या कायद्यात काय आहे

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायाची सुरुवातच या विषयाने होते. इब्री दास विकत घेतला तर त्याने सहा वर्षे सेवा करावी, सातव्या वर्षी पैसे न भरता मोकळे व्हावे. इथपर्यंत वाचून बरेच जण थांबतात आणि हा करार न्याय्य होता असे म्हणतात. पुढची वचने वाचायला हवीत. मालकाने त्या दासाला बायको दिली असेल आणि तिला मुले झाली असतील, तर बायको आणि मुले मालकाची राहतात, दास एकटाच सुटतो. बायको-मुलांना सोडून जायचे नसेल तर त्याने तसे जाहीर करायचे. मग मालक त्याला दाराशी नेऊन आरीने त्याचा कान टोचतो आणि तो जन्मभराचा दास होतो. याला कोणी ‘स्वेच्छेची गुलामगिरी’ म्हणत असेल, तर ती इच्छा कोणत्या दोन पर्यायांतून आली हेही सांगावे.

विकलेल्या मुलीला सहा वर्षांचा नियम लागू नाही. तिला अन्न, वस्त्र आणि पत्नीचा हक्क नाकारू नये, परक्यांना विकू नये, असे संरक्षण आहे. पुढे अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात हाच कायदा बदललेला दिसतो. तिथे इब्री पुरुष आणि स्त्री दोघेही सातव्या वर्षी सुटतात, आणि त्यांना रिकाम्या हाताने पाठवू नये, कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून द्यावे अशी आज्ञा आहे. कारणही दिले आहे : तुम्ही स्वतः मिसर देशात दास होता.

माराबद्दलचा नियम सर्वांत जड आहे. मालकाने दासाला काठीने मारले आणि तो हाताखालीच मेला, तर मालकाला शिक्षा व्हावी. पण तो एक-दोन दिवस जगला तर शिक्षा नाही, कारण तो मालकाचा पैसा आहे. त्याच अध्यायात पुढे, दासाचा डोळा फोडला किंवा दात पाडला तर त्याला मोकळे करावे असे आहे. बैलाने दासाला शिंग मारून ठार केले, तर बैलाच्या मालकाने तीस शेकेल चांदी दासाच्या मालकाला द्यायची. भरपाई दासाच्या घरच्यांना नाही. आणि याच अध्यायात माणूस पळवून विकणाऱ्याला देहदंड सांगितला आहे. ही सगळी वचने एकाच पानावर आहेत, म्हणूनच दोन्ही बाजूंना हवे ते वचन सापडते.

लेवीयाचा पंचविसावा अध्याय म्हणजे या वादाचा कणा. इस्राएली भाऊ गरीब होऊन विकला गेला, तर त्याला दासासारखे राबवू नये, मजुरासारखे ठेवावे आणि योबेल वर्षी सोडावे. लगेच पुढे : दास-दासी हवे असतील तर भोवतालच्या राष्ट्रांतून आणि तुमच्यात राहणाऱ्या परक्यांच्या मुलांतून घ्यावेत, ते तुमची मालमत्ता होतील, त्यांना तुम्ही मुलांना कायमचा वारसा म्हणून देऊ शकाल. ‘बायबलमधली गुलामगिरी म्हणजे कर्ज फेडण्यासाठी केलेली मर्यादित सेवा’ हे विधान आपल्या माणसांपुरते खरे आहे, परक्यांसाठी नाही. दोन मापे इथे उघडपणे लिहिलेली आहेत.

कर्जासाठी राबणे म्हणजे काय, हे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना समजावून सांगावे लागत नाही. मुकादमाची उचल घेतली की नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि उचल फिटेपर्यंत हंगाम सुटत नाही. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, तरी सामाजिक कामात आम्हाला अशी घरे दिसतात. म्हणून सातव्या वर्षी सुटका आणि हातात काहीतरी देऊन निरोप, या नियमाला आम्ही हसत नाही. कर्जात अडकलेल्या माणसाला सुटकेची तारीख असणे ही लहान गोष्ट नाही. मनुस्मृतीचा आठवा अध्याय तर मालकाने सोडले तरी शूद्र दास्यातून सुटत नाही असे सांगतो, कारण दास्य हा त्याचा स्वभावच मानला आहे.

शेजारचे कायदे, आणि पाळलेले कायदे

मोशेचा कायदा त्या काळातल्या इतर कायद्यांपेक्षा दयाळू होता, असे श्रद्धावंत अनेकदा म्हणतात. हे अर्धे बरोबर आहे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात (इसवी सनपूर्व अठरावे शतक) पळालेल्या गुलामाला घरात लपवणाऱ्याला देहदंड होता. अनुवादाचा तेविसावा अध्याय नेमके उलटे सांगतो : मालकाकडून पळून तुमच्याकडे आलेल्या दासाला परत देऊ नका, त्याला आवडेल तिथे राहू द्या. प्राचीन कायद्यांत हे विलक्षण आहे. पण त्याच हम्मुराबीच्या कायद्यात कर्जापोटी दिलेल्या बायको-मुलांनी तीन वर्षे राबायचे आणि चौथ्या वर्षी सुटायचे. मोशेच्या कायद्यात सहा वर्षे. म्हणजे एका मुद्द्यावर इथे माणुसकी जास्त, दुसऱ्यावर तिथे.

कायदा पाळला जात होता का? यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात याचे उत्तर आहे, आणि आमच्या मते संपूर्ण जुन्या करारातला या विषयावरचा हा सर्वांत बोलका प्रसंग आहे. बाबिलोनी सैन्याने यरुशलेमला वेढा घातला तेव्हा राजा सिद्कीयाने इब्री दास-दासींच्या मुक्ततेची घोषणा केली. श्रीमंतांनी माणसे सोडली. नंतर मन बदलले आणि सोडलेल्यांना पुन्हा पकडून दास केले. यिर्मया त्यांना सुनावतो की सातव्या वर्षी सोडण्याचा करार तुमच्या पूर्वजांनीही पाळला नव्हता. संकटात आश्वासन द्यायचे आणि निवांत झाल्यावर ते मोडायचे, ही रीत जुनीच आहे.

नवा करार

येशूच्या तोंडी गुलामगिरीवर थेट बंदी नाही. पत्रांमध्ये मात्र दासांना उपदेश आहे. इफिसकरांस आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत दासांनी मालकाच्या आज्ञेत राहावे असे आहे आणि मालकांनाही धमक्या न देण्याचा, न्यायाने वागण्याचा उपदेश आहे. पेत्राचे पहिले पत्र तर कठोर मालकाचीही आज्ञा पाळायला सांगते. गलतीकरांस पत्रात ख्रिस्तामध्ये दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही असे आहे, आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात माणसे पळवून विकणाऱ्यांना पाप्यांच्या यादीत बसवले आहे.

पहिल्या काही शतकांत बहुतेक धर्मगुरूंनी गुलामगिरी ही पापाने बिघडलेल्या जगाची रीत म्हणून स्वीकारली. ऑगस्टिन हे त्यातले मोठे नाव. अपवाद होता निस्सा येथील ग्रेगरी. त्याने इसवी सन ३८० च्या सुमारास उपदेशकाच्या पुस्तकावर प्रवचन देताना माणसाची मालकी सांगण्याच्या कल्पनेवरच हल्ला केला : देवाची प्रतिमा असलेल्याची किंमत कोण ठरवणार? म्हणजे ‘त्या काळात कोणाला सुचणे शक्यच नव्हते’ हा बचाव टिकत नाही. एकाला सुचले होते.

पुढे १४५२ मध्ये पाचव्या निकोलस पोपने पोर्तुगालच्या राजाला ख्रिस्तेतरांना कायमचे दास करण्याचा अधिकार देणारा फतवा काढला. त्याचे परिणाम आपल्या किनाऱ्यापर्यंत आले. १५८० च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने तिथल्या मुख्य रस्त्यावर होणाऱ्या माणसांच्या लिलावाचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्या रस्त्यापासून चर्च फार दूर नव्हते. व्हॅटिकनने त्या फतव्यांमागचा विचार अधिकृतपणे नाकारला तो २०२३ मध्ये.

अमेरिकेतला वाद

हे कायदे कसे समजावेत यावर सर्वांत मोठा वाद झाला तो यादवी युद्धाआधीच्या अमेरिकेत. मेथडिस्ट मंडळी १८४४ मध्ये फुटली. बाप्टिस्ट १८४५ मध्ये फुटले आणि गुलामांचे मालक असलेल्यांना मिशनरी नेमण्याच्या प्रश्नावरून सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन वेगळे झाले. त्याच वर्षी दोन बाप्टिस्ट धर्मगुरूंचा पत्रव्यवहार पुस्तकरूपाने आला. दक्षिण कॅरोलिनाचे रिचर्ड फुलर यांचा मुद्दा सरळ होता : देवाने जुन्या करारात ज्याला मान्यता दिली आणि नव्या करारात जे चालू दिले, ते मुळात पाप असू शकत नाही. अब्राहामाकडे दास होते, लेवीयात परवानगी आहे, येशूने निषेध केला नाही, पौलाने पळालेल्या अनेसिमाला परत पाठवले. ब्राउन विद्यापीठाचे अध्यक्ष फ्रान्सिस वेलंड यांचे उत्तर होते, की एखादी प्रथा देवाने काही काळ चालू दिली म्हणजे ती योग्य ठरत नाही, आणि येशूच्या शिकवणीचे तत्त्व लागू केले तर गुलामगिरी टिकत नाही.

आमचे स्पष्ट मत असे, की वचनाला वचन लावून पाहिले तर फुलर यांची बाजू कागदावर भक्कम होती. मार्क नॉल या इतिहासकारानेही दाखवले आहे की साध्या वाचकाला गुलामगिरीवाल्यांचे वाचन सोपे आणि सरळ वाटे, तर विरोधकांना तत्त्व, संदर्भ, आशय अशी लांबची वाट घ्यावी लागे. पण त्या सरळ वाचनात एक खड्डा होता. बायबलमधले दास कातडीच्या रंगावरून ठरलेले नव्हते. अक्षरशः वाचायचे तर गोऱ्यांनाही दास करता आले पाहिजे. ते कोणी मागत नव्हते. तो खड्डा बुजवायला नोहाची गोष्ट आणली गेली : हामाला शाप मिळाला, हामाचे वंशज आफ्रिकी, म्हणून ते दास. उत्पत्तीचा नववा अध्याय उघडून पाहा. शाप हामाला नाही, त्याचा मुलगा कनान याला आहे, आणि रंगाचा उल्लेखही नाही. ग्रंथाशी एकनिष्ठ असल्याचे सांगणाऱ्यांनीच ग्रंथात नसलेले घुसवले.

विरोधकांनी दोन वचने हातात घेतली. माणूस पळवून विकणाऱ्याला देहदंड. आणि आफ्रिकेतून आणलेला प्रत्येक गुलाम हा पळवून आणलेलाच होता. दुसरे, पळालेल्या दासाला परत न देण्याचे. १८५० च्या फरारी गुलाम कायद्याने नेमके ते परत देणे सक्तीचे केले होते. विल्यम लॉइड गॅरिसन आणखी पुढे गेले. बायबलची प्रत्येक ओळ देववाणी मानणेच त्यांनी सोडले.

ज्यांच्यासाठी कायदा होता त्यांचे वाचन

या वादात एक तिसरा वाचक होता, त्याच्याबद्दल बरेच लेख गप्प असतात. तो म्हणजे स्वतः गुलाम. त्याच्या हाती पूर्ण ग्रंथ जाऊ नये याची काळजी मालकवर्गाने घेतली. १८०७ मध्ये लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी बायबलचे निवडक भाग छापले गेले. त्यातून जुन्या कराराचा सुमारे ९० टक्के आणि नव्या कराराचा जवळपास निम्मा भाग गाळलेला होता. मिसरच्या दास्यातून सुटका गाळली, दास-स्वतंत्र भेद नाकारणारे गलतीकरांस पत्रातले वचन गाळले, मालकाची आज्ञा पाळा हे ठेवले. ग्रंथात मुक्तीचे बीज आहे की नाही यावर विद्वान कितीही वाद घालोत. छापणाऱ्यांना ते कुठल्या पानावर आहे हे बरोबर माहीत होते.

फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलाम होते, पळून मुक्त झाले. १८४५ च्या आत्मकथनात ते लिहितात की त्यांचा मालक थॉमस ऑल्ड १८३२ मध्ये एका धार्मिक मेळाव्यात भाविक झाला आणि त्यानंतर जास्त क्रूर झाला. एका अपंग तरुणीला बांधून चाबकाने मारताना तो बायबलमधले वचन म्हणत असे. पुस्तकाच्या शेवटी डग्लस ख्रिस्ताचा धर्म आणि अमेरिकेतला मालकांचा धर्म यांत फरक करतात आणि दुसऱ्याचा धिक्कार करतात.

हॉवर्ड थर्मन या कृष्णवर्णीय धर्मचिंतकाने १९४९ च्या पुस्तकात आपल्या आजीची आठवण दिली आहे. आजी गुलामगिरीत जन्मली होती, तिला वाचता येत नव्हते. नातू तिला बायबल वाचून दाखवी. पण पौलाची पत्रे ती वाचू देत नसे, फक्त करिंथकरांस पहिल्या पत्रातला प्रेमाचा अध्याय चाले. पुढे मोठा झाल्यावर त्याने कारण विचारले. तिने सांगितले, की मालकाचा गोरा धर्मगुरू वर्षातून अनेकदा दासांनो आज्ञा पाळा हेच वचन घेऊन प्रवचन देई. तेव्हाच तिने ठरवले होते, की कधी वाचायला शिकले किंवा मोकळी झाले तर हा भाग वाचणार नाही. कुठल्याही पदवीशिवाय त्या बाईने ग्रंथातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवले. थर्मन १९३५-३६ मध्ये श्रीलंका आणि भारतात आले होते. कोलंबोत एका हिंदू गृहस्थाने त्यांना विचारले, की ज्यांनी तुमच्या लोकांना गुलाम केले त्यांचाच धर्म घेऊन तुम्ही इथे कसे आलात? ते पुस्तक म्हणजे बऱ्याच अंशी त्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे.

आजचे श्रद्धावंत

आज विचारी ख्रिस्ती माणूस साधारण तीन तऱ्हांनी उत्तर देतो. एक तऱ्हा : देवाने लोकांच्या कठोर मनामुळे काही गोष्टी चालू दिल्या. याला आधार येशूचाच आहे. घटस्फोटाची परवानगी मोशेने मनाच्या कठोरपणामुळे दिली असे मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात येशू म्हणतो. प्रश्न उरतो, की मूर्तिपूजा आणि शब्बाथ याबाबत मनाच्या कठोरपणाची सवलत का नव्हती? दुसरी तऱ्हा दिशेची : कायदा जिथे आहे त्यापेक्षा तो कुठे चालला आहे ते पाहा, निर्गमापासून अनुवादापर्यंत आणि पुढे गलतीकरांस पत्रापर्यंत. हे पटण्यासारखे आहे, पण लेवीयातले परक्यांचे वचन या दिशेत बसत नाही, हे मान्य करून पुढे जावे लागते. तिसरी तऱ्हा सरळ म्हणते, की हा कायदा माणसांनी, त्यातही दास बाळगणाऱ्या माणसांनी लिहिला. ही सर्वांत प्रामाणिक वाटते, पण मग ग्रंथातले प्रमाण काय, हे त्या श्रद्धावंताला नव्याने ठरवावे लागते. ‘ती गुलामगिरी नव्हतीच’ हे चौथे उत्तर आम्ही उत्तर मानत नाही. सदर्न बाप्टिस्टांनीसुद्धा १९९५ मध्ये ठराव करून गुलामगिरीतल्या आपल्या वाट्याबद्दल माफी मागितली आहे.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा जो भेद केला, तो इथे उपयोगी पडतो. फुलर नियम वाचत होते, वेलंड तत्त्व. आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्या लोकांतले बरेच जण बायबल हातात घेऊनच फुलरसारख्यांविरुद्ध उभे राहिले होते, हे विसरून चालणार नाही.

ख्रिस्ती मित्राला प्रश्न विचारताना आपली पानेही उघडी ठेवावीत. विनयपिटकाच्या महावग्गात दासाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे. ब्रह्मदेशात बगान येथील शिलालेखांत विहारांना दास दान दिल्याच्या नोंदी आहेत. आणि त्याच परंपरेत अंगुत्तर निकाय उपासकाला माणसांचा व्यापार निषिद्ध ठरवतो, पाणी वाहणाऱ्या पुण्णिका या दासीच्या गाथा थेरीगाथेत आहेत. ‘तो काळच तसा होता’ हे वाक्य आपण इथे वापरणार असू, तर तिथेही ते ऐकून घ्यावे लागेल.

अभ्यासवर्गात या विषयाची सुरुवात कुठून करावी असे कोणी विचारले तर आम्ही फिलेमोनाला लिहिलेले पौलाचे पत्र सुचवतो. अवघी २५ वचने, दहा मिनिटांत वाचून होते. ख्रिस्ती आणि बौद्ध मुले एकत्र बसून वाचू शकतात. तुरुंगातून पौल लिहितो आहे, अनेसिमाला त्याच्या मालकाकडे परत पाठवतो आहे, आणि त्याला दासाहून अधिक, प्रिय भाऊ म्हणून स्वीकार असे सांगतो आहे, तेही केवळ श्रद्धेच्या नात्यात नव्हे तर प्रत्यक्ष व्यवहारात. फुलर यांनी याच पत्रातले ‘परत पाठवतो’ उचलले, त्यांच्या विरोधकांनी ‘भाऊ’ उचलले. फिलेमोनाने पुढे अनेसिमाला मोकळे केले की नाही, ते पत्रात लिहिलेले नाही.